पट्ट्या काढलेले अठरा डबे

दिन्या, आज शुक्रवार, म्हणजे तुझ्या सापांच्या जेवणाचा दिवस. सकाळीच फ्रीजमधून अठरा गोठलेले उंदीर काढले, कोमट पाण्यात टाकले आणि माडीवर गेले. जन्मभर शाळेत मुलांना शिकवलं, शेवटची काही वर्षं खिचडीही वाढली, आणि निवृत्तीनंतर हे वाढप नशिबी आलं. चिमट्यात उंदराची शेपटी धरून मी हात लांब करते, तोंड दुसरीकडे फिरवते आणि झाकण बसल्याचा आवाज आला की श्वास सोडते. तू असतास तर जिन्यात बसून हसला असतास. तुला जाऊन सव्वादोन महिने झाले आणि अठरांपैकी मला अजून एकच ओळखू येते. डबा ओढला की जी अंगावर धावते ती. तिचं नाव तू आक्का ठेवलं होतंस, माझंच.

बाकीचे सतरा कोण कोण आहेत ते कोणालाच माहीत नाही. ते तुला माहीत होतं आणि डब्यांवर तू चिकटवलेल्या पट्ट्यांवर लिहिलेलं होतं. त्या पट्ट्या मी काढल्या. पाण्यात गेल्या असं मी सगळ्यांना सांगितलंय. खरं काय ते सांगायला तूच उरला आहेस, म्हणून लिहायला बसले.

दुबईहून लोक टीव्ही आणतात, अत्तरं आणतात. तू तिथल्या प्राण्यांच्या दुकानात आठ वर्षं काढलीस आणि डोक्यात हे खूळ घेऊन आलास. मुंबईच्या कोणा शौकिनाकडून रीतसर कागदांसह किंगस्नेकची जोडी आणलीस, आणि मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, साप आत आला तर मी बाहेर. तू म्हणालास, "जा की. उमरठला अण्णाकडं जा, वैनी भाकरी घालील." मी खरोखरच पिशवी भरून आपल्या थोरल्या भावाकडे गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, कारण तू नळ उघडा टाकला असशील अशी माझी खात्री होती. नळ उघडाच होता.

आपण दोघंही बिनलग्नाची. तुझं का राहिलं आणि माझं का राहिलं यावर आपण कधी बोललो नाही, आणि आता बोलणार तरी कोणाशी? या घरात पिढी पुढे सरकली ती फक्त माडीवर.

ते साप अमेरिकेतले, बिनविषारी. पण दुसऱ्या सापाला गिळतात, म्हणून प्रत्येकाचा डबा वेगळा. मादी साधी होती, अंगावर काळे-पांढरे पट्टे. नर मात्र वेगळा. काळ्याच्या जागी कारवीच्या फुलाचा फिका जांभळा, मधले पट्टे पिवळसर आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. तू त्याला सज्जात उन्हात धरलास तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. हातातला पिळा तसाच राहिला होता माझ्या. तू विचारलंस, "कसाय गो?" मी म्हटलं, "विटलेल्या लुगड्यासारखा." दिन्या, इतकं सुंदर जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे तेव्हाच म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं?

मग तू मला तो हिशोब समजावलास. त्या रंगाच्या नराची आणि साध्या मादीची पिल्लं सगळी काळी-पांढरी निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, घ्या, सगळं मुसळ केरात. तू म्हणालास, "आपल्या आज्याचे डोळे घारे. आपल्या बापाचे काळे, आपल्या तिघांचे काळे. मग अण्णाच्या नातीचे घारे कुठून आले? रंग गेला नव्हता आक्का, लपून बसला होता." या पिल्लांच्या अंगातही तो लपून आहे, दोन लपलेले एकत्र आले की चारातल्या एकात बाहेर येईल, असं तू म्हणालास. आणि बाहेरून आणलेल्या साध्या सापाशी जोडी लावली तर निम्म्यांत लपेल, निम्म्यांत नसेल, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतील. मी फळ्यावर गणित पाहावं तशी ऐकत होते. विज्ञान मीही शिकवलं होतं, पण घाऱ्या डोळ्यांचं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

सारखेच दिसतात म्हणून तर नावं. कोण कोणाचं, हे विसरू नये म्हणून तू त्यांना घरचीच नावं दिलीस. जांभळा नर म्हणजे बाबा, त्याची मादी माई. पिल्लांतला सगळ्यात गरीब तो अण्णा, चावरी ती आक्का, मग तात्या, आत्या, आणि बाहेरून आणलेल्यांना सुना नि जावई. "नाती मला पाठ हायत, नंबर नाय राहत डोक्यात," म्हणायचास. प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी, तीवर तुझ्या त्या उताणं पडलेल्या अक्षरात नाव, कोणाचं लेकरू, कोणाशी जोडी. मी विचारलं होतं, "सगळ्यांना बसवलंस, तुझ्या नावाचा कुठंय?" तू म्हणालास, "लिहिणारा वहीत नसतो."

भांडण तिथूनच पेटलं. जांभळा बाबा तिसऱ्या वर्षी मेला. तुला त्याच्या लेकींशी त्याची जोडी लावायची होती, ते राहिलं. मग तू पिल्लं मोठी होईपर्यंत थांबलास आणि यंदा भावाची बहिणीशी लावलीस. एके दिवशी केर काढायला माडीवर गेले तर डब्यावर पट्टी, 'आक्का. बाबांची लेक. जोडी: अण्णा.' माझ्या कानशिलातून वाफ निघाली. म्हटलं, हे पाप आहे, आणि नाही म्हटलं तरी हा चावटपणा आहे, ती पट्टी आत्ताच्या आत्ता फाड. तू म्हणालास, "सापांत भाऊबीज नसते." मी म्हटलं, माणसांत असते ना, मग माणसांची नावं कशाला? तू हसत सुटलास. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही, ताट मात्र वाढत होते. चौथ्या दिवशी तू म्हणालास, "अंडी फुटू देत. मग बोलू काय बोलायचं ते." सात अंडी होती. ते बोलणं तसंच राहिलं.

पण मला त्याआधीचा तो डिसेंबरही आठवतो. या सापांना दोन महिने थंडी लागते, तरच पुढे जोडी जमते, आणि आपल्या पोलादपुरात कसली आलीय थंडी. म्हणून दर वर्षी तुझ्या महाडच्या गॅरेजवाल्या दोस्ताच्या, रियाजच्या टेंपोतून डबे आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वरच्या बाजूला न्यायचे, तिथल्या एका स्ट्रॉबेरीवाल्याच्या रिकाम्या खोलीत ठेवायचे आणि फेब्रुवारीत उतरवायचे. गेल्या खेपेस मीही आले. रियाज गाडी चालवत होता, तू मागे डब्यांपाशी, आणि जागा नव्हती म्हणून एक डबा माझ्या मांडीवर. वळणावर आतलं जनावर सरकायचं आणि प्लास्टिकमधून त्याचं वजन या मांडीवरून त्या मांडीवर जायचं. आधी मी डोळे मिटून राम राम म्हणत होते. मग कधी थांबले ते कळलं नाही. वर पोचल्यावर तू शाल माझ्या खांद्यावर टाकलीस आणि डबा घेताना म्हणालास, "अण्णा होता तुझ्या मांडीवर. घाट चढवलास तू त्याला." मी म्हटलं, त्याला म्हणावं भाडं दे. रियाज इतका हसला की चहा सांडला त्याच्या शर्टावर.

तुझ्या जाण्याबद्दल काय लिहू. सकाळी छातीत कळ आली म्हणालास, मी ओवा दिला. ओवा दिला मी, दिन्या. रियाज महाडहून गाडी घेऊन येईपर्यंत तू भिंतीला टेकून बसला होतास, आणि अंड्यांच्या डब्यात पाणी शिंपड एवढंच दोनदा म्हणालास. गाडी महाडला पोचली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दहावं सावित्रीच्या काठी झालं. तेराव्याला उमरठहून सगळे येणार होते, अण्णा, वैनी, त्यांचे व्याही, दोन्ही चुलत्यांची घरं. सुतक फिटलं तसं मी घर धुवायला काढलं. माडीवरून सुरुवात केली, कारण मला ठाऊक होतं, तेराव्याचं जेवून लोक तुझे साप बघायला वर जाणारच. रियाज सकाळी आला, एकेक साप उशीच्या अभ्र्यात घालून त्याने प्रत्येक अभ्रा त्या त्या डब्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "आक्का, मी गॅरेजवर जाऊन तासाभरात येतो, डबे इथल्या इथे पुसा." त्याने सांगितलं होतं. इथल्या इथे पुसा.

मी डबे खाली अंगणात नेले. साबण लावला. आणि प्रत्येक पट्टी नखाने सोलून काढली. पाण्यात एकही गेली नाही. तुझ्या त्या चिकटपट्टीला पाणी लागत नव्हतं, सुरीचं टोक लावावं लागलं. 'आक्का. जोडी: अण्णा.' ती तर मी सगळ्यात आधी काढली. अण्णाचे व्याही ते वाचतील, चुलत्यांच्या सुना पदर तोंडाला लावून हसतील, आणि अण्णा, ज्याने बापाच्या माघारी आपल्या दोघांना शिकवलं, तो मान खाली घालून जिना उतरेल, हेच माझ्या डोळ्यांपुढे होतं. बाकीच्यांचं काय, असं तू विचारशील. एक काढली की दुसरीवरही तसलंच काही असणार असं वाटलं. आणि मी मास्तरीण. वही आहे ना, वहीत सगळं असणार, ही माझी खात्री. पट्ट्यांचा बोळा केला आणि बंबात टाकला. त्या पाण्याने मी आंघोळही केली.

डबे उन्हात वाळायला ठेवले. वर आले तर तीन-चार अभ्रे सरपटत सरपटत एकत्र आले होते आणि मी घाबरून काठीने ते बाजूला केले. रियाज आला, रिकाम्या डब्यांची चळत पाहिली, अभ्र्यांकडे पाहिलं. "पट्ट्या?" म्हणाला. मी म्हटलं, पाण्यात गेल्या. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग उठून त्याने हाताला येईल तो साप हाताला येईल त्या डब्यात घातला. 

आणि तेराव्याला वर कोणीही गेलं नाही. एकही माणूस. पायरीवर पाय ठेवायचीही कोणाची छाती झाली नाही. चुलत्यांच्या सुना पोरांना ओढून अंगणातच थांबल्या. अण्णाचा गुडघा सुजला होता, तो खुर्चीतून उठला नाही.

वही उघडली ती नंतर. काय सुरेख ठेवली आहेस रे वही. तात्याने कधी कात टाकली, आत्या किती वजनाची, धाकट्या सुनेला पडसं कधी झालं. माझ्या हजेरीपटालाही अशी ओळ नव्हती. हजेरीपट हातात आहे, वर्ग समोर बसला आहे, आणि कोणत्या नावाला कोणी हजर म्हणायचं ते सांगणारं कोणी नाही, असं झालं. रियाजला चारेक माहीत होते असं त्याला वाटायचं, पण डबे ओढून पाहिले तेव्हा दोनांत त्याची खात्री मोडली. फोटो असतील तर तुझ्या फोनमध्ये. तो तुझ्या अंगठ्याने उघडायचा. मी तुझी जन्मतारीख घातली, माझी घातली, बाबांचीही घातली, मग त्याने मलाच बाहेर काढलं. तरी रोज चार्जिंगला लावते.

पुण्याचा तुझा तो सापवाला दोस्त फोनवर फार नीट बोलला. म्हणाला, "मावशी, पुन्हा जोड्या लावून, पिल्लं बघून कळेल. तीन-चार वर्षं जातील. तोवर हे सगळे नुसते साधेच." तुझ्या सहा वर्षांना तो साधे म्हणाला आणि त्याचं काही चुकलं नाही. गणपतीनंतर येऊन तो त्यांना घेऊन जाईल, चांगली घरं बघून एकेक करून देईल. सोडून द्यायची सोय नाही. परक्या मुलखातली जनावरं, इथले साप खातील. आणि मी काय जोड्या लावणार? मला उंदीर धरवत नाही.

एक आशा होती ती अंड्यांची. तू सांगितल्याप्रमाणे मी पाणी शिंपडत राहिले. आषाढात सात दिवसांत दोनदा वीज गेली, तेव्हा डब्याभोवती गोधडी गुंडाळली. दोन अंडी आंबली. पाच फुटली. पहिल्या अंड्याला चीर पडली तेव्हा मी रियाजला फोन केला आणि तो महाडहून अर्धं काम टाकून आला. आम्ही दोघं दिवसभर त्या डब्यासमोर बसलो. पाचही काळी-पांढरी निघाली. रियाज म्हणाला, "चारातलं एक म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने चिठ्ठी काढायची, आक्का. रंग नाही असं नव्हे." मला कळतं ते. पण मग काय करायचं, ते सांग ना. आई-बापांत रंग आहे, या पाचांत कोणात लपला असेल, कोणात नसेल, आणि बाप त्या सतरांत कुठेतरी आहे. इतकं सगळं आहे आणि मला काहीही दिसत नाही.

तू म्हणालास, अंडी फुटू देत, मग बोलू. फुटली.

मागच्या रविवारी अण्णा आला. एकटाच, एसटीने. हातात वैनीने दिलेले तांदळाचे पापड. चहा घेतला आणि म्हणाला, "शाले, वर जाऊया." मी म्हटलं, तुझा गुडघा. तो म्हणाला, "गुडघा काय, तो दुखायचाच." भिंतीला धरून एकेक पायरी चढला. खोलीत आल्यावर मध्येच उभा राहिला, डब्यांकडे बघत, देवळात गेल्यासारखा टोपी काढून.

मग म्हणाला, "यातला मी कुठचा गो?"

मला कळलंच नाही. तो म्हणाला, "दिन्या दर आठवड्याला फोन करायचा ना मला. अण्णा, तू आज जेवलास. अण्णा, तू कात टाकलीस. हातात घेतला की मनगटाला कड्यासारखा बसतोस, तुझ्याएवढा गरीब दुसरा नाय. आणि शाले, तुझी माझी अंडी म्हणे सात." तो हसायला लागला, दिन्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तुझी वैनी तर भाकरी करता करता हसली होती. व्याह्यांनापण सांगितलंन तिनं. तेराव्यालाच बघायचा होता मला, पर हा गुडघा."

 व्याह्यांनासुद्धा माहीत होतं.

तो पुढे वाकून डब्यांवर बोट फिरवत होता. "पट्टी हाय म्हणाला व्हता त्याच्यावर. दिन्याच्या हातचं माझं नाव बगायचंय."

म्हटलं, पट्ट्या पाण्यात गेल्या अण्णा, घर धुताना. त्याने बोट मागे घेतलं. "हां," म्हणाला. "तुला धुवायचं लय." त्यात राग नव्हता. राग असता तर मी सगळं सांगून टाकलं असतं. मग त्याने पुन्हा विचारलं, "पर मी कुठचा, ता सांग."

मी तिसऱ्या ओळीतला डबा बाहेर ओढला. तो का, ते माझं मलाही माहीत नाही. हाताशी होता. म्हटलं, हा.

अण्णाने दोन्ही तळवे डब्याला बाहेरून लावले. आतला साप डोकं वर करून त्याच्या हातापाशी आला आणि तिथेच थांबला. "बग, गरीबच हाय," अण्णा म्हणाला. खूप वेळ तो तसाच उभा होता. जिना उतरताना म्हणाला, सगळे दिलेस तरी चालतील, हा एवढा ठेव, तुला जमत नसेल तर मी उमरठला नेतो, दिन्याचं काहीतरी राहू दे. मी म्हटलं, जमेल मला.

त्या डब्यावर मी परवा पट्टी लावली. माझ्या अक्षरात, सुवाच्य, 'अण्णा.' पुण्याच्या माणसाला कळवलं की दोन इथेच राहतील, हा आणि आक्का. रियाजने पट्टी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या सापाच्या वाटीतलं पाणी बदललं.

आज जेवण घालून खाली आले तेवढ्यात फोन वाजला. अण्णा आता दर शुक्रवारी फोन करतो, तू करायचास तसा.

"जेवलो काय मी?" त्याने विचारलं.

"जेवलास," मी म्हटलं.